मधले अकरा सेकंद

रंगराव घोलपांना समोरच्याची चूक दिसली, की ती सुधारल्याशिवाय चैन पडत नसे. सत्यनारायणाच्या कथेत अध्याय आटोपता घेतला म्हणून भर पूजेत गुरुजींना अडवणारा माणूस तो. खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत बत्तीस वर्षं त्यांनी काडतुसं तपासली. एक उडालं की पुढचं उडेपर्यंत मनात सेकंद मोजायचे, ही तिथली सवय. निवृत्त होऊन वाघोलीला फ्लॅट घेतला तरी ती सुटली नाही. दिवाळीत लोक फटाके बघत, हे मोजत.

म्हणूनच मार्चमधल्या त्या दुपारी सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर पोलिसांनी माऊली नावाच्या पोराला गोळ्या घातल्या, तेव्हा बाल्कनीत कपडे वाळत घालणाऱ्या रंगरावांनी नकळत मोजलं. दोन आवाज. मग अकरा सेकंद. मग एक. मध्ये भिंत होती, दिसलं काहीच नाही.

पोलिसांचं म्हणणं, दरोड्यातल्या या संशयिताने कोयता उगारला आणि झटापटीत तिन्ही गोळ्या लागोपाठ सुटल्या. संध्याकाळी चॅनेलवर सत्ताधारी प्रवक्ते याला शौर्य म्हणाले, विरोधक खून म्हणाले. सहा वर्षांपूर्वी खुर्च्या उलट होत्या तेव्हा वाक्यंही उलट होती. पाठांतर मात्र दोघांचंही चोख.

माऊलीची आई यमुनाबाई सोसायटीत पोळ्या करायची; रंगरावांनी मोजलेले सेकंद तिच्या कानावर आले होते. ती दारात येऊन म्हणाली, "काका, माझं लेकरू चांगलं का वाईट, ते ऱ्हाऊ द्या. तुमी ऐकलं तेवढं सांगा."

रंगरावांनी शब्द दिला. चॅनेलवाल्यांनी बोलावलं तसे ते इस्त्रीचा शर्ट घालून स्टुडिओत जाऊन बसले.

"काका, तुम्ही नेमकं काय ऐकलंत?" निवेदिकेने विचारलं. "थोडक्यात सांगा हं, वेळ कमी आहे."

तेवढ्यात त्यांची नजर तिच्या मागच्या पडद्यावर गेली.

"आधी ते चित्र काढा. ते रिव्हॉल्व्हर आहे, पोलिसांकडे पिस्तूल होतं. आणि शेजारचं काडतूस रायफलचं. तुमच्याकडे हे तपासायला कोणी नाही का?"

"थँक्यू काका," ती म्हणाली, आणि दोन्ही प्रवक्ते एकमेकांवर तुटून पडले.

घरी विजयमालाबाईंनी नवऱ्याला दार उघडलं. "वा! चित्र सुधारून आलात. आता यमुनाला काय सांगणार, अहो?"

त्या दिवशी रंगराव जेवले नाहीत. लाज वाटली त्यांना, आणि वाटायलाच हवी होती.

पुढच्या आठवड्यात चौकशी अधिकाऱ्यांपुढे जबाब झाला. कारकून पिस्तुलाला खुशाल बंदूक म्हणत होता. रंगरावांनी दात आवळले, आधी ते अकरा सेकंद लिहवून घेतले आणि सही केली.

बाहेर पायरीवर यमुनाबाई बसली होती. तिने विचारलं, "अकरा शेकंद म्हंजे लई थोडे आस्तेत ना, काका?"

हो म्हणून त्यांना सुटता आलं असतं. पण खोटं बोलवेना. ते तिच्याशेजारी बसले आणि मोजू लागले. "एक... दोन... तीन..."

चारला तिने पदर तोंडाशी धरला. सहाला त्यांचा हात घट्ट पकडून म्हणाली, "बास. येवढ्यात त्यानं मला हाक मारली आसंल."

रंगराव थांबले. अजून पाच बाकी होते.