विदुलाने पळवलेली गाळणी

फोन आला तेव्हा मी विदुलावर चिडलेलीच होते. बाथटबमध्ये तिच्या मातीचा राडा तसाच पडलेला, आणि इथल्या, आयर्लंडमधल्या स्लायगोच्या हॉस्पिटलमधली नर्स हळू आवाजात सांगत होती की विदुला गेली... गुरांचे दात बघून वय सांगणारी ही बाई, स्वतःचा खोकला मात्र दोन आठवडे "ग्रँड आहे गं मी, एकदम ठणठणीत" म्हणत अंगावर काढत बसली. डॉक्टरला फोन कर म्हणून मी कानीकपाळी ओरडले. सव्वा महिना झाला, राग काही जात नाही.

आम्ही दोघी एका भाड्याच्या घरात राहायचो. मी नागपूरची, सॉफ्टवेअरवाली, पक्की शाकाहारी. ती पुण्याची, जुन्या उकिरड्यांतली हाडं अभ्यासणारी. २०२०मध्ये लॅबला कुलूप लागलं, तर बाईसाहेब परवानगी काढून एका उजाड किनारी वस्तीची माती घरीच घेऊन आल्या. इंग्रज जमीनदाराच्या कुळांची वस्ती. गुरं राखायची ह्यांनी, मांस साहेबाच्या ताटात. ह्यांच्या उकिरड्यात खुरं आणि मज्जेसाठी फोडलेल्या नळ्या. "बिचारे," मी म्हटलं. झालं!

"बिचारे काय? किती निगुतीने फोडलंय बघ! साहेब लिहून गेला, ह्यांना बटाट्यापलीकडे काही ठाऊक नाही. आणि आम्ही मोठ्या चाळणीने माती चाळून त्याचंच खरं करतो. माशांचे बारीक काटे गळून जातात गं!"

आणि तिने प्रेसमधून, म्हणजे इथल्या भाषेत कपाटातून, माझ्या आईने दिलेली चहाची गाळणी उचलली. चहाची! एका घराच्या मातीत माशांचे काटे सापडले, तेव्हा ही टबाशेजारी नाचली. मी तीन दिवस अबोला धरला.

हॉस्पिटलमधून तिचा शेवटचा फोन. "दुसऱ्या घराची पिशवी राहिलीय. एकाच घरात काटे मिळाले तर योगायोग म्हणून सोडून देतील..."

"खड्ड्यात गेली माती, आधी बरी हो!" मी ओरडून फोन ठेवला. आमचं शेवटचं बोलणं हे असं.

गेल्या महिन्यात तिच्या विभागाने उरलेलं सामान मागितलं. त्याच्या आदल्या दिवशी, कधी अंडंही न फोडलेल्या ह्या हातांनी मी ती पिशवी त्याच गाळणीने गाळली. तळाशी तांदळाच्या कणीएवढं काहीतरी राहिलं. "विदुला, हे काय गं?" असं मोठ्याने विचारूनसुद्धा बसले... मग रडले. विभागाचं उत्तर काल आलं: माशाचाच मणका.

दुसरं घर, विदुला. ऐकतेस ना?

गाळणी धुऊन प्रेसमध्ये तिच्या खणात ठेवली आहे. नवी आणवत नाही. चहा चोथ्यासकट पिते, आणि प्रत्येक घोटाला तिला शिव्या घालते.