बारा वाजताचा तुकडा

...तर ओळंबा त्या लोखंडी तुकड्यावर चढला आणि खडूच्या रेघेवरच मांडी ठोकून बसला. ओळंबा म्हणजे पुलावरचा बुजुर्ग फिटर. खिशात कायम सरळपणा तपासायचा, दोरीला टांगलेला ओळंबा असायचा, म्हणून हे नाव. लेकीसाठी स्थळ बघायला गेला, तेव्हा त्या घरच्या दाराची चौकटही त्यानं ओळंबा सोडून तपासली होती. ते लग्न झालं, चौकट मात्र अजून तिरकीच आहे.

नदीच्या दोन्ही काठांवरून पूल आला होता. मधे पडलेल्या दाताच्या जागेसारखी एकच फट उरली होती. तीत बसवायचा हा शेवटचा तुकडा. मुहूर्त पुलाच्या इंजिनिअर साहेबांनी काढलेला, भर दुपारी बाराचा, कारण समारंभाचे पाहुणे बाराच्या आधी उठत नाहीत. क्रेननं तुकडा उचलला आणि फटीशी नेला, तर तो तीन बोटं जास्त लांब! पाहुण्यांनी टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच हवेत राहिले. तुकडा पुन्हा खाली ठेवला. साहेबांनी खडूनं रेघ मारली आणि गॅसकटर मागवला.

"उतरा खाली!" साहेब रेघेवर बसलेल्या ओळंब्यावर ओरडले.

"नाही उतरत. माप मी परवा सकाळी सहाला घेतलंय. आता उन्हानं लोखंड फुगलंय, दोन्ही बाजू पुढे सरकल्यात. फट आक्रसली, तुकडा छोटा, तो जवळपास तेवढाच आहे."

"अहो, तीन बोटांचा प्रश्न आहे!"

"कापून बसवलात, तर थंडाव्यात पूल आखडेल आणि जोडाचे बोल्ट ओढून तोडेल. मग मोजा बोटं."

"उद्या सकाळी नाही बसला, तर तुम्ही घरी!"

"चालेल," म्हातारा तोऱ्यात म्हणाला. पण आतून पार टरकला होता. टेपचं टोक झिजलेलं होतं, म्हणून तो नेहमी दहा सेंटिमीटरच्या खुणेपासून मोजायचा आणि मग दहा वजा करायचा. परवा दहा वजा केले होते की नाही, हे काही केल्या आठवेना. खालून लोखंड भाजत होतं, वरून साहेब. पाहुणे सरबत पिऊन, नारळाऐवजी कुणाचं डोकं फुटायच्या आत निघून गेले. कटरवाला कंटाळून घरी गेला, तेव्हा कुठे म्हातारा उतरला.

दुसऱ्या दिवशी सहाला धुकं, गारठा, आणि टाळ्यांना कुत्रंसुद्धा नाही. क्रेननं तुकडा अलगद सोडला. ओळंब्यानं डोळे मिटून घेतले. खट्ट! भोकाला भोक असं जुळलं की पिन नुसत्या बोटानं आत गेली. साहेबांनी ती दोनदा काढून पुन्हा घालून बघितली.

मग हळूच विचारलं, "काका, खरं सांगा. बसला नसता तर?"

"मला घरी बसवलं असतंत. शिक्षा माझ्या बायकोला झाली असती, साहेब!"