बिनसाखरेचा चहा

माझी धाकटी जाऊ ज्योत्स्ना इंदूरला पब्लिक हेल्थचं मास्टर्स करते. सुटीत गावी, देडतलाईला आली की सासूबाई तिला झाडूला हात लावू देत नाहीत. पढाई आहे म्हणे! मी कॉलेजचं नाव काढलं, तेव्हा मला चूल दाखवली.

काल तिने अंगणात बाया जमवून सांगितलं, आईचं पहिलं चिकाचं दूध बाळाला पाजा. सासूबाई ताठ मानेने म्हणाल्या, "ऐका गं, माझी सून शिकलेली आहे!"

माझ्या निरंजनच्या जन्माच्या वेळी नर्सचं ऐकून मी हेच म्हणाले, तर याच सासूबाईंनी ते दूध पिळून फेकायला लावलं होतं.

मग मी सगळ्यांना चहा दिला. ज्योत्स्नाच्या कपात मुद्दाम साखर घातली नाही.

घोट घेऊन ती हसली. "ताई, तुम्हाला कसं कळलं, मी साखर सोडलीय?"