आतल्या खिशातली किल्ली

शाखेत त्याला सगळे किल्लीदार म्हणायचे. एवढी मोठी बँक, पण तिची तिजोरी उघडायची तर दोन किल्ल्या एकदम लागत. एक मॅनेजरसाहेबांकडे, दुसरी याच्याकडे. रजा हवी तर किल्ली दुसऱ्या अधिकाऱ्याच्या हातात द्यायची, रजिस्टरवर दोघांनी सही करायची. आणि दुसरा अधिकारी? त्याची बदली होऊन आठ महिने झाले. मुख्य कार्यालयाला पाच पत्रं गेली. उत्तर काय, तर ‘आपली विनंती नोंदवली आहे.’ नोंदवा लेको, नोंदवत बसा!

पण ताईचं ऑपरेशन ठरलं आणि तो अडूनच बसला. आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलेलं. मरणाला न भिणारी ती बाई भुलीच्या इंजेक्शनला मात्र भ्यायची. “तू दाराबाहेर बस, मग मी आत जाते,” एवढंच तिचं मागणं. साहेबांनी हो-नाही करत एका दिवसाची रजा दिली. दुसऱ्या शाखेतून बदली माणूस येणार होता, नऊला.

आला साडेनऊला! वर चहा मागितला. ऑपरेशन साडेदहाचं. किल्लीदाराने जुडगा त्याच्या हातावर आपटला, दोघांनी न बघताच सह्या ठोकल्या, आणि हा रिक्षात.

ताईला आत नेतच होते. तिने त्याचं बोट धरलं. “आहेस ना रे?”

“आहे की. इथून हलत नाही.”

दार बंद झालं आणि फोन वाजला.

“अहो, जुडग्यात तिजोरीची किल्लीच नाही!” साहेब ओरडत होते. “बाहेर रांग लागलीय!”

त्याचा हात शर्टाच्या आतल्या खिशाकडे गेला. मोठी किल्ली जुडग्यात नको, सांभाळून ठेवा, म्हणून बायकोने एकोणीस वर्षं प्रत्येक शर्टाला शिवलेला तो खिसा. किल्ली तिथेच होती. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली त्याला.

“इथे कुणाला तरी पाठवा, साहेब.”

“इमारतीबाहेर किल्ली देता येत नाही, तुम्हालाच ठाऊक. दोन मिनिटांचं काम आहे, या.”

दोन मिनिटं! जाण्यायेण्यातच दीड तास गेला. वर तिजोरी उघडेपर्यंत बदली माणसाला त्याच्या शाखेने परत बोलावून घेतलेलं. रांग संपेपर्यंत यालाच तिजोरीपाशी थांबावं लागलं. अडीचला साहेब म्हणाले, “जा, बहिणीला बघून या. पण चारला बंद करायला हजर हवं.” जणू उपकारच करत होते.

तो धापा टाकत पोचला, तेव्हा ताईला बाहेर आणलं होतं. नर्स फणकारली, “यांच्यासोबत कोण आहे म्हणून तीनदा पुकारलं. होतात कुठे?”

ताईने जड डोळे उघडले.

“अजिबात घाबरले नाही रे मी,” ती म्हणाली. “म्हटलं, हा बसलाय दाराशी.”

“बसलो होतो की,” तो म्हणाला.

ती हसली आणि पुन्हा झोपली. तिच्या अंगावरचं पांघरूण नीट करायला तो वाकला, तेव्हा किल्ली छातीला टोचली. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते.