शिष्टरबाईंचं ‘येते’

लिहिण्याची माझी योग्यता नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेज कुणी पाहिलेलं नाही, आणि मी पाहिलं त्यालाही अजून वर्ष व्हायचं आहे. सोलापुरात आल्यापासून माझा बराच वेळ ‘व्हय’च्या जागी ‘हो’ आणि ‘न्हाय’च्या जागी ‘नाही’ म्हणण्याच्या खटपटीत जातो. तोवर समोरच्याचा विषय पुढं गेलेला असतो. अशा माणसानं कॉलेजच्या वार्षिक अंकात लेख लिहावा, हे माझं मलाच अवघड वाटतं. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

लिहायला कारण झालं ते आमच्या मराठीच्या सरांमुळं. पहिल्या सहामाहीत वादविवादाची स्पर्धा होती. विषय होता, ‘परमुलखातून आलेल्याने तेथील भाषा शिकलीच पाहिजे’. मला अनुकूल बाजू आली. मी व्यासपीठावर गेलो, “अध्यक्ष महाराज” एवढं म्हणालो आणि थांबलो. अध्यक्ष महाराजही थांबले. शेवटी त्यांनीच पाण्याचा पेला माझ्याकडं सरकवला. मी तो रिकामा केला आणि खाली उतरलो. सर रागावले नाहीत. “जे बोलायचं होतं ते लिहून दे,” एवढंच म्हणाले.

खरं सांगायचं तर मला आमच्या गावच्या शिष्टरबाईंचं उदाहरण द्यायचं होतं. आणि त्यांचं पुढं काय झालं, तेच मला तेव्हा माहीत नव्हतं. गाडी तिथंच अडली.

माझं गाव ईट, भूम तालुक्यातलं. गाव मोठं आहे, पण दवाखाना दोन खोल्यांचा. मी मॅट्रिकला होतो त्या हिवाळ्यात तिथं सुईणीच्या कामाला एक नर्सबाई आल्या. त्या केरळातल्या. गावानं त्यांना ‘मद्राशी’ ठरवून टाकलं, कारण सोलापूरच्या खाली जे काही आहे ते सगळं मद्रास, अशी आमची समजूत. नर्स म्हणणं जिभेला जड, म्हणून त्या शिष्टरबाई झाल्या. त्यांना मराठी येत नव्हती आणि बायका त्यांच्याकडं जात नव्हत्या. दुखणं सांगायचं कसं, हाच प्रश्न. दवाखान्याच्या ओट्यावर दुपारी शेळ्या बसायच्या, आणि त्यांना हुसकावताना शिष्टरबाई काय म्हणतात ते शेळ्यांनाच कळायचं.

यावर गावात सगळ्यात कडक मत माझ्या चुलत्यांचं. ते निजामाच्या काळात उर्दू चौथी शिकलेले. एकदा ते भूमहून आले आणि सदरेवर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “तहसीलमधी मालूम झालं. शिष्टरबाईला मराठीचा तोंडी इम्तिहान द्यायचा हाय. दोन खेपा मिळतील. न्हाय कामयाब झाल्या तर नोकरी खतम. आन् बरोबरच हाय. मुल्काची जबान यायलाच पायजे, बिल्कुल!”

या बोलण्यातली मराठी वेगळी काढायला बसलं असतं, तर फार वेळ लागला नसता. पण हे त्यांना कोण सांगणार?

आमचं गाव एका जागी बसून निजामाचं राज्य, मग हैदराबाद राज्य, मग मुंबई राज्य आणि शेवटी महाराष्ट्र असं फिरून आलं. परमुलखात कुणी गेलं नाही, मुलूखच येत-जात राहिले. निजामाच्या वेळी सरकारी कागद आला की गाव चुलत्यांकडं यायचं. त्यांना पान मिळायचं, बसायला घोंगडी मिळायची. मग कागद मराठीत येऊ लागले आणि घोंगडी आपोआप गुंडाळली गेली. मी पहिलीत गेलो तेव्हा माझं पुस्तक संध्याकाळी नाहीसं व्हायचं. ते चुलत्यांच्या उशीखाली सापडायचं. ‘कमळ’ आणि ‘गवत’ आम्ही दोघं एकाच वर्षी शिकलो. फक्त मी मोठ्यानं आणि ते मनातल्या मनात.

“म्या पिकल्या मिशीनं शिकलो का न्हाय? मग त्या बाईला काय झालंय?” हे त्यांचं म्हणणं. आणि माझ्याकडं बोट करून, “हा रिकामाच हाय. शिकवंल की.”

मॅट्रिकची परीक्षा देऊन मी खरोखरच रिकामा होतो. पण ही शिकवणी आमच्याच घराला किती गरजेची आहे, ते थोड्याच दिवसांत कळलं.

मी शाळेच्या व्याकरणाचं पुस्तक घेऊन दवाखान्याच्या ओट्यावर बसायचो. शिष्टरबाई मला ‘मास्तर’ म्हणायच्या आणि माझे कान तापायचे. त्या हुशार होत्या. “आपण कोठे जात आहात? मी बाजारात जात आहे.” हे त्या इतकं स्वच्छ म्हणायच्या की ईटमध्ये ते कुणालाच कळायचं नाही.

एका सकाळी माझी आई वहिनीला घेऊन तिथं आली. वहिनीचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं आणि मूल हाती लागलं नव्हतं. तेव्हापासून ती फार बोलत नसे. शिष्टरबाईंकडं जायचं, हे तिनं स्वतः ठरवलं होतं. आईचा फारसा भरवसा नव्हता. मी ओट्यावर बसून राहिलो. आतून आईचा दबका आवाज आला, “शिष्टरबाई, हिला दिवस गेलेत.”

“कोठे गेले?” शिष्टरबाईंनी काळजीनं विचारलं.

आईनं तेच पुन्हा, जरा मोठ्यानं सांगितलं.

“केव्हा परत येणार आहेत?”

मग पडद्याआडून शिष्टरबाईंनी मान बाहेर काढली. “मास्तर, दिवस कोण?”

त्यांना वाटलं, दिवस हे माझ्या भावाचं नाव, आणि तो बायकोला टाकून कुठंतरी निघून गेला. मी म्हणालो, “बाई, मला व्याकरणातलं विचारा.” आत एक विचित्र आवाज झाला. मला वाटलं वहिनी रडते आहे. पण ती हसत होती. पुष्कळ महिन्यांनी आम्ही तिचं हसू ऐकत होतो. आईनं शेवटी हातांनी पोटाचा आकार काढून दाखवला, तेव्हा शिष्टरबाईंनी कपाळावर हात मारला आणि त्याही हसायला लागल्या.

पण सकाळ तिथं संपली नाही. तपासणं झाल्यावर आई उठली. “बरं बाई, येते.”

“या, या,” म्हणून शिष्टरबाईंनी बाकडं पुढं ओढलं. आई पुन्हा बसली. एवढ्या मानानं बसवतात तर नाही कसं म्हणायचं? जरा वेळानं पुन्हा “येते” म्हणाली. पुन्हा “या, या”, पुन्हा बाकडं. तिसऱ्या खेपेला वहिनीनं आईचा हात धरून तिला बाहेर ओढलं.

“लई मायाळू बाई हाय,” आई वाटेत म्हणाली. “सोडतच न्हवती.”

आठवड्यानं शिष्टरबाई वहिनीला बघायला आमच्या घरी आल्या. चहा झाला. निघताना उंबऱ्यात उभ्या राहून त्या माझ्या पुस्तकातलं बिनचूक वाक्य बोलल्या, “आता मी जाते.”

आईनं कपबशी खाली ठेवली. वहिनीचं तोंड उतरलं. आई चटकन पुढं झाली. “आवं बाई, असं म्हणू न्हाय. पोटुशी बाई समोर हाय. येते म्हणावं.”

“परंतु मी जात आहे,” शिष्टरबाई म्हणाल्या.

“जावा की! कोण धरतंय? पर म्हणताना येते म्हणा.”

शिष्टरबाईंनी माझ्याकडं पाहिलं. पुस्तकात भूतकाळ होता, भविष्यकाळ होता. जाताना येते म्हणण्याचा काळ काही त्यात नव्हता. आणि हे शिकवायचं असतं, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. जन्मापासून श्वासासारखं जे चाललेलं असतं, त्याचा धडा कोण काढणार?

त्या दिवसापासून त्यांनी माझ्या पुस्तकापेक्षा आईची शिकवणी जास्त मनावर घेतली. वाण्याच्या दुकानातून निघताना येते, विहिरीवरून निघताना येते. एस. टी. त बसताना कंडक्टरला येते म्हणाल्या तेव्हा तो म्हणाला, “आवं, मी बी संगंच येतोय.” बायका दवाखान्यात येऊ लागल्या. शेळ्यांना दुसरी सावली शोधावी लागली. ‘अत्यंत वेदना होत आहेत’ जाऊन ‘लई कळा येतात’ आलं. शिष्टरबाईंच्या जिभेवर आमची बोली वाढत गेली आणि माझं व्याकरण मागं पडत गेलं. मला याची काळजी वाटायची. परीक्षा घेणारे साहेब ईटचे थोडेच असणार?

वहिनीला ही काळजी माझ्यापेक्षा जास्त होती. तिचे दिवस दिवाळीच्या आसपास भरणार होते. ती एकदाच मला म्हणाली, “भावजी, त्यान्ला नीट शिकवा. त्या गेल्या तर म्या काय करू?” एवढंच म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

जूनमध्ये तोंडी परीक्षा झाली, उस्मानाबादला. चुलत्यांची तिथं कोर्टात तारीख होती, म्हणून ते सोबत गेले आणि दाराबाहेर उभे राहिले. संध्याकाळी परतले ते कपाळाला आठ्या घालूनच.

“काय झालं काका?” मी विचारलं.

“साहेब पुण्याकडला. त्यानं इचारलं, आपणांस मराठी येते का? तर ही म्हणती, व्हय, थोडं थोडं. त्यानं इचारलं, येथे किती काळ आहात? ही म्हणती, लई दिस झालं. साहेबाच्या भिवया पार टोपीत गेल्या.”

“आणि मग?”

“मग साहेब म्हणला, जाऊ शकता. ही उठली, हात जोडलं आन् म्हणली, येते! इम्तिहानाच्या दारात येते म्हणत्यात व्हय रं? तिथं सरळ जाते म्हणावं. येते म्हणलं म्हणजे पुन्यांदा बसायची तयारी! तू मास्तर का कोण?”

शिष्टरबाई मागं उभ्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, “मास्तर, कुठं येते आन् कुठं जाते, हे कसं कळतं?”

मी त्या रात्री व्याकरणाचं पुस्तक पुन्हा चाळलं, पण तो धडा त्यात नव्हता.

शिष्टरबाईंचा निकाल लागायच्या आतच मी सोलापूरला बोर्डिंगात आलो. घरून कुणी लिहिणारं नव्हतं. भाऊ शेतात, आणि चुलते वाचायला शिकले तरी लिहायच्या वाटेला कधी गेले नाहीत. पावसाळा गेला. व्यासपीठावरचा तो पाण्याचा पेला झाला. अनुकूल बाजू मांडताना मला सारखं वाटत होतं, शिष्टरबाई नापास झाल्या असतील तर मी कुठल्या तोंडानं हे बोलतोय? त्यांना भाषा आली होती. आमची आली होती, साहेबांची नव्हती एवढंच.

दिवाळीच्या सुट्टीला थोडे दिवस राहिले असताना चुलते अचानक बोर्डिंगच्या फाटकात उभे दिसले. खांद्यावर धोतराच्या फडक्यात बांधलेल्या भाकरी. सोलापुरात बैल बघायला आले होते.

“वहिनी कशी आहे?” मी पळत जाऊन विचारलं.

“थांब की. पयल्यापासून सांगू दे.”

“पण वहिनी—”

“जून महिन्याचा इम्तिहान. नाकामयाब!” ते खोलीतल्या सगळ्या पोरांना ऐकू जाईल असं म्हणाले. पोरं गोळा झाली. चुलत्यांना पुष्कळ वर्षांनी घोंगडी मिळाल्यासारखं झालं. माझ्या खाटेवर मांडी घालून ते सांगायला लागले. “मग दुसरी खेप, ह्याच महिन्यात. तुझ्या वैनीचं पोट ह्ये एवढं. शिष्टरबाईला म्हणलं, बाई, ध्यानात ठेवा. साहेबाला जाते म्हणायचं. सगळ्या वाटंनं घोकून घेतलं. साहेब तोच. म्या दारात कान लावून हुभा. समदं बरं झालं, आन् शेवटी ही म्हणली, जाते, साहेब.”

“मग?”

“मग साहेब म्हणला, बाई, मागच्या खेपेला आपण येते म्हणाला होता. आता जाते का? तर ही म्हणली, साहेब, येते म्हणलं की हितं परत यावं लागतंय. म्हून आज जाते. येते तर ईटच्या बायकास्नी म्हणून आलीय.”

खोलीतली पोरं हसली. साहेबही असेच हसले म्हणे, खुर्ची मागं सरकेपर्यंत, आणि जागेवरच पास म्हणाले.

चुलते उठले, फडकं माझ्या हातात दिलं आणि फाटकापर्यंत गेले. मी मागं मागं. “काका, वहिनीचं सांगा ना!”

“आरं, त्येच तर सांगाय आलो हुतो,” ते थबकून म्हणाले. “पोरगी झाली तुझ्या भावाला. चार दिस झालं. दोघी बऱ्या हायेत. शिष्टरबाईच हुत्या. पोरगी रडाय लागली, तवा तिला हातात घेऊन त्या त्यांच्याच भाषेत कायतरी बोलल्या म्हणं. घरात एकाला कळलं न्हाय. पोरगी मातर गप झाली.”