एका परातीतला भात

लग्न करून मी जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये आले तेव्हा माझ्यासोबत शिलाई मशीन, दोन पेट्या आणि एक कुत्रा होता. वय अडतीस. या वयात नवरी म्हणवून घ्यायची माझी मलाच लाज वाटत होती, त्यात कुत्रा पाहून शेजारच्या बायका पदराआड हसल्या. हसू देत. आंधळगावच्या बाजारात गळ्यात सुतळी रुतलेलं ते पिल्लू मला सापडलं, तेव्हापासून सात वर्षं मीच त्याला सांभाळलं होतं. येईन तर कुत्र्यासकट, असं मी नवऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं. तो कारखान्यात नोकरीला, मोजकं बोलणारा माणूस. बरं म्हणाला. घरात मांजर आहे हे मात्र त्याने लग्न ठरेपर्यंत सांगितलं नाही.

मांजर त्याच्या पहिल्या बायकोची होती. ती बाई तीन वर्षांपूर्वी गेली. आजारपणात मांजर तिच्या पायाशी झोपायची, ती गेल्यावर तिच्या पेटीवर झोपू लागली. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. तिला आजीने तुमसरला नेलं होतं, आणि आता बापाने पुन्हा घर मांडलं म्हणून ती परत आली होती. आमच्यात दुसरी आलेली बायको ही पहिलीच्या आईबापाची लेक धरतात. त्यामुळे मुलीची आजी ही माझीही माय झाली. तिने लग्नात मला लुगडं नेसवलं, डोक्यावरून हात फिरवला आणि चार बायकांसमोर स्वच्छ सांगितलं की तीन महिने पाहीन, पोरीचं मन लागलं तर राहील, नाही तर मी तिला घेऊन जाईन.

माझं सगळं त्या तीन महिन्यांवर टांगलेलं होतं. मुलगी राहावी असं मला मनापासून वाटत होतं. पण खरं सांगायचं तर त्यात माया थोडी आणि भीती जास्त होती. सावत्र आईने पोरीला हाकललं, असं लोकांनी म्हणू नये ही भीती. मुलगी मला मावशी म्हणायची, अहो-जाहो करायची, विचारलं तेवढंच बोलायची.

कुत्रा-मांजराचं मात्र पहिल्याच दिवशी फाटलं. कुत्रा दारातून आत शिरला तशी मांजर फळीवर चढली आणि दोन दिवस खाली उतरली नाही. कुत्रा खाली बसून वर बघत भुंकायचा. माझा स्वभाव तडकाफडकी, मी दोघांनाही सारखीच शिवीगाळ करायची. तिसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली की ओरडून होणार नाही, त्यांना वेळ द्यावा लागतो. तिने मोबाइलवर काय काय वाचलं होतं. कुत्र्याचं पोतं तिने मांजरीच्या पेटीवर टाकलं आणि पेटीवरचं जुनं पांघरूण कुत्र्याला दिलं. आधी वास ओळखीचे होऊ द्यायचे, म्हणाली. मग व्हरांड्याच्या जाळीच्या दाराला एका बाजूने कुत्र्याची थाळी आणि दुसऱ्या बाजूने मांजरीची वाटी ठेवू लागली. पहिल्या दिवशी दोन्ही लांब, मग दर दोन-तीन दिवसांनी वीतभर जवळ.

मला ते पोरखेळ वाटायचं. पण बघायला बरं वाटायचं हेही खरं. ती उकिडवी बसून दोघांना समजावत असायची. मला तिने एकदा सांगितलं की कुत्रा शेपूट हलवतो तेव्हा तो खूश असतो, मांजर हलवते तेव्हा ती चिडलेली असते, म्हणून ते एकमेकांचं उलटंच समजतात. माझ्याशी ती बोललेलं सगळ्यात लांब वाक्य तेच. तिचं-माझंही तसंच चाललं होतं. ती गप्प बसली की मला वाटायचं फुगली, आणि मी मोठ्याने बोलले की तिला वाटायचं मी रागावले.

दीड-दोन महिन्यांत बरीच सुधारणा झाली. मांजर जमिनीवरून चालू लागली. कुत्रा ती आली की मान वळवायचा, जणू पाहिलंच नाही. एकदा तो फार जवळ गेला तर तिने नाकावर चापट दिली आणि तो माझ्याकडे तक्रार घेऊन आला. जाळीचं दार मात्र जेवणाच्या वेळी बंदच असायचं. तेवढं उघडू नका, असं मुलीने मला दोनदा सांगितलं होतं. कुत्रा लहानपणी उपाशी राहिलेला, थाळीजवळ कोणी आलं की तो गुरगुरायचा. हे मला तिच्याहून जास्त ठाऊक होतं.

मग मायचा फोन आला की रविवारी येते. तीन महिने भरत आले होते. मी घर घासूनपुसून काढलं, पडदे शिवले. तरी मनाला चैन नव्हतं. म्हातारी येणार आणि बघणार काय, तर कुत्रा दाराच्या बाहेर, मांजर आत. एका घरात दोन घरं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, तशी माझी गत झाली. रविवारपर्यंत मला सगळं एक करून दाखवायचं होतं.

माझ्या माहेरी एक रीत होती. आम्ही भावंडं भांडलो की आई कोणाचं चुकलं हे विचारायची नाही. दोघांना एका ताटात वाढायची. तोंड फुगवून का होईना, एका ताटात हात घालावा लागायचा आणि भात संपेपर्यंत भांडण मोडलेलं असायचं. नवी सून आली तरी तिला आणि नणंदेला पहिलं जेवण एका ताटात. आमच्या लग्नातही बायकांनी मला आणि मुलीला तसंच बसवलं होतं. ती दोन घास खाऊन उठली होती, आणि तो सल माझ्या मनात होता.

गुरुवारी दुपारी मी मासोळ्या केल्या होत्या. उरलेला रस्सा आणि भात मी परातीत कालवला, जाळीचं दार उघडलं आणि परात मधोमध ठेवून दोघांना बोलावलं. मला खरोखरच वाटलं होतं की जमेल.

कुत्र्याने तोंड घातलं. मांजर मासोळीच्या वासाने पलीकडून आली. क्षणभर दोन डोकी एका परातीत होती आणि मी मनातल्या मनात खूश झाले. मग गुरगुर, फिस्कारणं आणि परात उलटी. कुत्र्याने मांजरीला पाठीला धरलं होतं. मुलगी शाळेतून तेवढ्यातच आली होती. दप्तर टाकून ती मधे घुसली, तिने मांजर ओढून काढली आणि कुत्र्याचे दात तिच्या मनगटावर बसले. तो लगेच मागे सरला, शेपूट पोटाशी घेऊन कोपऱ्यात बसला. भातावर रक्ताचे थेंब पडले होते.

मी तिचा हात नळाखाली धरून साबणाने धूत राहिले. ती रडली नाही. मांजरीला लागलं का बघा, एवढंच म्हणाली. मांजरीचे केस उपटले होते, जखम खोल नव्हती. नवरा आल्यावर आम्ही तिला सरकारी दवाखान्यात नेलं, सुई दिली, पुढच्या सुयांच्या तारखा लिहून आणल्या. परातीचं मी नवऱ्याला सांगितलं. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

नवल म्हणजे त्यानंतर जनावरं शहाणी झाली. शनिवारी पाहते तर मांजर व्हरांड्यातल्या उन्हात बसलेली आणि कुत्रा तिच्यापासून हातभर अंतरावर पाय ताणून झोपलेला. त्यांचं त्यांनी ठरवून घेतलं होतं. मुलीने मला हात धरून ते दाखवायला नेलं. हात धरण्याची ती पहिलीच वेळ.

रविवारी नवऱ्याला ओव्हरटाइम होता. माय सकाळीच आली. तिने पाय धुतले, ती पाणी प्यायली, आणि तिची नजर मुलीच्या मनगटावरच्या पट्टीवर गेली. काय झालं म्हणून तिने विचारलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात मुलगी म्हणाली,

"मांजरीनं बोचकारलं."

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती. मला सगळं समजलं, निदान मला तसं वाटलं. कुत्रा चावला म्हटलं असतं तर माय म्हणाली असती की सावत्र आईच्या कुत्र्याने पोर फाडली, आणि मुलीला त्याच बसने तुमसरला नेलं असतं. मुलीला इथे राहायचं होतं. तिला राहायचं होतं, या एका गोष्टीने मी अशी सुखावले की पुढचं काही मला दिसलंच नाही. मी चहा ठेवायला आत गेले.

बाहेर आले तर मायने निकाल लावलेला होता.

"लेकीची मांजर म्हणून आतापर्यंत चालू देलं," ती म्हणाली. "पण पोरीच्या अंगावर जाऊन राहिली तर कायले ठेवता घरात? माह्या पोराच्या मिलमंधी उंदीर लय झाले. तिथं नेऊन सोडतो."

तिचा मुलगा तुमसरच्या एका राईस मिलमध्ये हमालांवर मुकादम होता. धानाचा हंगाम होता, मिल दिवसरात्र चालू होती. मांजर तिथे उपाशी मरणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं. मुलगी अजूनही माझ्याकडेच पाहत होती. मायने थैली मागितली. मी तांदळाची रिकामी थैली आणून दिली. मांजर मुलीच्या हातूनच आत गेली, कारण दुसऱ्या कोणाच्या हाती ती आलीच नसती. थैलीचं तोंड मी धरलं आणि मायने सुतळी बांधली. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी शंभरदा वापरली असेल. त्या दिवशी तिच्यातली दोरी माझ्या हातात होती.

जाताना माय माझ्या गालावर हात ठेवून म्हणाली की पोरीचं मन लागलेलं दिसते, राहू दे आता. जे ऐकायला मी तीन महिने जीव टाकला होता ते मला मिळालं. हातातला चहा मी मोरीत ओतला.

मुलगी रडली नाही, जेवली, अभ्यासाला बसली. पण त्या दिवसापासून तिने मला मावशी म्हणणंही सोडलं. कुत्रा दोन दिवस पेटीपाशी जाऊन हुंगत होता. नवरा म्हणाला की जाऊ दे, विसरेल. मी त्याच्यावर अशी भडकले की शेजाऱ्यांनी खिडक्या लावल्या. राग त्याचा नव्हताच.

पुढच्या रविवारी मी एकटीच तुमसरला गेले. आधी मायकडे. ती तांदूळ निवडत बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं की मांजरीने बोचकारलं नव्हतं, माझा कुत्रा चावला होता, आणि तोही माझ्या मूर्खपणाने. परातीचंही सांगितलं. आता ही पोरीला घेऊन जाणार, या तयारीनेच मी गेले होते. तिने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली की हे तेव्हाच सांगितलं असतं तर मी दोन शब्द बोलली असती आणि गप्प बसली असती. मुलीला नेण्याचं तिने नावही काढलं नाही.

मग आम्ही दोघी मिलवर गेलो. कोंड्याच्या ढिगांमधून, पोत्यांच्या थप्प्यांच्या मागे, मी वेड्यासारखी हाका मारत फिरले. मशीनच्या आवाजात मला माझीच हाक ऐकू येत नव्हती. एका हमालबाईने सांगितलं की मांजर आली होती, थैली सोडल्याबरोबर मशीनच्या आवाजाला भिऊन भिंतीवरून पळाली, मग कोणाला दिसली नाही. मायने सोबतीला शेवटपर्यंत चक्कर मारली. कोंड्याने तिचेही पाय पांढरे झाले होते.

घरी आले तेव्हा मुलगी व्हरांड्यात कुत्र्याच्या कानातल्या गोचिड्या काढत होती. मी तिच्यापाशी खाली बसले आणि सगळं सांगितलं. मांजर सापडली नाही, आजीला मी खरं सांगितलं, आजी रागावली नाही. आणि मग, माझ्या जिभेला हाड नाही, मी हेही म्हणाले की तू खोटं बोललीस ते या घरासाठीच बोललीस, ते मला कळलं होतं.

तिने मान वर केली नाही.

"आजी मले घेऊन जाईन म्हणून मी मांजरीचं नाव घेतलं," ती म्हणाली. "मले वाटलं, आजी मांजर नेतो म्हणते ते आयकून तरी तुमी म्हणान, मांजरीची चूक नाही, माही आहे. थैली बांधेपर्यंत मी वाट पाहून राहिली होती."