घडीच्या ट्रेलरची रंगीत तालीम

कुटुंब टिकवायचं असेल तर त्याला एका छपराखाली आणावं लागतं. हे वाक्य माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं. बहारीनमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या व्यासपीठावरून तो ते दर गणपतीत म्हणायचा आणि समोरच्या खुर्च्यांवरच्या माना डोलायच्या. ते छप्पर प्रत्यक्षात कुणी उचललं आणि ते खाली कसं आलं, हे मात्र तो व्यासपीठावरून सांगत नाही.

आई त्याला जावईबापू म्हणायची, त्यामुळे आम्हीही म्हणायला लागलो. खरं तर माझा नवराही तिचा जावईच, आणि मानाने थोरला. पण तो मीना सलमान बंदरातल्या एका गोदामात स्टोअरकीपर आहे, कमी बोलतो आणि जेवण झालं की आपलं ताट आपण उचलतो. अशा माणसाला बापू म्हणायला जीभ वळत नाही. धाकटा एसी बसवणाऱ्या कंपनीत मॅनेजर, रिफाला व्हिला, आवाज खर्जातला. लग्नात आईने त्याचे पाय धुतले होते, आणि ते अजून वाळले नसावेत अशा चालीने तो घरात वावरत असे.

त्या हिवाळ्यात आई चिपळूणहून आमच्याकडे व्हिजिट व्हिसावर आली होती. तिच्या सन्मानार्थ जावईबापूंनी सहल जाहीर केली. दक्षिणेकडच्या वाळवंटात एक थीम पार्क आहे, त्याला लागून कॅम्पिंगचं मैदान. तिथे दोन दिवस राहायचं, आणि तेही स्वतःच्या ट्रेलरमध्ये. मायदेशी परतणाऱ्या कुठल्याशा गोऱ्या साहेबाकडून त्याने तो घेतला होता. गाडीमागे ओढायचा घडीचा ट्रेलर: बंद असताना मोठ्या पेटीएवढा, उघडला की पत्र्याचं छप्पर वर जातं, दोन्ही बाजूंनी पलंग बाहेर येतात आणि मध्ये कापडाच्या भिंती ताणल्या जातात. रिफाहून त्या मैदानात पोचायला अर्धा तास पुरतो. एवढ्या अंतरासाठी त्याने चार बैठका घेतल्या.

पहिल्या बैठकीत टीव्हीला लॅपटॉप जोडून त्याने कामांची वाटणी दाखवली. माझ्या नवऱ्याकडे वाहतूक, माझ्याकडे रसद, आईकडे आशीर्वाद, माझ्या मुलीकडे फोटो. माझ्या बहिणीच्या नावापुढे ‘इतर’ असं लिहिलं होतं.

माझी मुलगी चौदा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. ती म्हणाली, “वेट, मावशी इज मिसलेनियस?”

सगळे हसले. बहीणही हसली आणि हसता हसता चहाचा कप लॅपटॉपशेजारी ठेवायला गेली. चहा सांडला नव्हता, सांडण्याची शक्यता होती. जावईबापूंनी कप उचलला आणि भिंतीवर मारला. आईच्या डोक्यावरून गेला तो. भिंतीवरून चहाचे ओघळ उतरत असताना त्याने रिमोट दाबला आणि म्हणाला, “यल्ला, पुढची स्लाइड.”

आईने पदराने कपाळावरचे शिंतोडे पुसले आणि म्हणाली, “कामाचा ताण असतो हो त्यांना.”

मी बहिणीच्या मागे स्वयंपाकघरात गेले. ती केरसुणीने काचा गोळा करत होती. बाही वर गेली तेव्हा मनगटाभोवती बांगडीसारखं निळं कडं दिसलं.

“कपाटाचं दार?” मी विचारलं. मागच्या दोन्ही वेळा कपाटाचं दारच होतं.

“त्या दाराची बदनामी बस झाली, ताई.”

“मग आता?”

तिने सुपली कचऱ्याच्या डब्यात उपडी केली. “रिफातल्या त्या नर्सरी स्कूलला मी हवी आहे. पण माझा व्हिसा त्याच्या नावावर आहे, तो शाळेच्या नावावर जायला त्याची संमती लागते. सहल नीट पार पडली तर देतो म्हणालाय.”

“आणि नाही पडली तर?”

“तर चिपळूणचं तिकीट. एका बाजूचं. मी तिथे जाऊन काय करू? शेजारणींना हात दाखवत बसू? मला इथे माझ्या नावावर राहायचंय. एकदा माझ्या नावावर राहायला लागले, की कुणाबरोबर राहायचं ते मी बघेन.”

तेव्हापासून त्या सहलीसाठी माझी बहीण जितकं राबली तितकं कुणी राबलं नाही. तिसऱ्या बैठकीच्या आधी तिच्या ओठाला टाका पडला. मी त्याच्याकडे विषय काढला तेव्हा तो अत्यंत सभ्यपणे म्हणाला, “ताई, तुम्ही मला मोठ्या बहिणीसारख्या. माझ्या घरच्या गोष्टीत बोललात तर तिचं तिकीट उद्याचं काढीन.” आणि माझ्यासाठी गाडीचं दार उघडून उभा राहिला.

चौथ्या बैठकीत ठरलं, की निघण्याआधी एक रंगीत तालीम घ्यायची. शुक्रवारी सकाळी आम्ही सलमाबादला त्याच्या कंपनीच्या आवारात जमलो. एका बाजूला एसीच्या पत्र्याच्या नळ्यांची चळत, पलीकडे कामगारांच्या खोल्या, कठड्यावर वाळत घातलेल्या लुंग्या. मधोमध तो ट्रेलर. आईने त्याला हळदकुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली आणि ओढायच्या दांड्यावर नारळ फोडला.

“आजी, इट्स अ ट्रेलर, नॉट अ टेम्पल,” माझी मुलगी म्हणाली.

“लोखंड आहे गं. लोखंडाला राग असतो,” आई म्हणाली.

खरंच होता. कड्या सोडताच आतला एक ताणलेला खांब उसळून माझ्या नवऱ्याच्या हनुवटीवर बसला आणि त्याच्या शर्टावर रक्त सांडलं. जावईबापू बाही दुमडून पुढे सरसावले, तेव्हा आईने त्यांना हाताने अडवलं.

“तुम्ही नाही हो हात लावायचा. जावई माणूस. सांगा नुसतं. आम्ही आहोत की करायला.”

आम्ही म्हणजे माझी बहीण. नवरा हनुवटीवर रुमाल दाबून एका पिंपावर बसला होता, मी बाजूला जमिनीवर पलंगांच्या गाद्या सोडवत होते. छप्पर वर न्यायचं तर पुढच्या बाजूला एक हँडल असतं, विहिरीच्या रहाटासारखं. ते फिरवलं की तारेचा दोर गुंडाळतो आणि छप्पर चढतं. प्रत्येक फेऱ्याला लोखंडी खिट्टी दात्यात बसते, म्हणून ते मागे घसरत नाही. बहीण ते दोन्ही हातांनी फिरवत होती. खट, खट, खट. तिच्यामागे जावईबापू हात पाठीशी बांधून उभे.

“जोरात. जेवत नाहीस का घरी? अजून. अजून. अगं, थांब! थांब म्हटलं ना! जास्त वर गेलं. अर्धा फेरा खाली घे.”

खाली घ्यायचं म्हणजे खिट्टी उचलायची. खिट्टी उचलली, की सगळ्या छपराचं वजन हँडल धरलेल्या हातांवर येतं. तिने खिट्टी उचलली. तिचे दंड थरथरायला लागले.

“हळू! कुणी शिकवलं तुला? म्हशी, दोर तोडशील!”

“मग तुम्ही धरा,” ती म्हणाली.

एवढंच. आवाज चढवला नव्हता. सासूबाई, थोरला साडू, मेव्हणी आणि भाची यांच्यासमोर म्हणाली, हा तिचा गुन्हा. त्याने उजव्या हाताने तिच्या कानाखाली वाजवली. तो आवाज पत्र्याच्या नळ्यांमधून घुमला. पलीकडच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं.

तिने हँडल सोडलं.

ते इतक्या वेगाने फिरलं, की दिसेनासं झालं. मारलेला हात त्याने अजून मागे घेतला नव्हता. मी आयुष्यात बरीच लाकडं मोडताना ऐकली आहेत. हाड मोडल्याचा आवाज त्याहून ओला असतो. हँडलने हात पहिल्यांदा मोडला, आणि तो ओरडून मागे घेण्याआधीच पुढच्या फेऱ्यात पुन्हा मोडला. मग छप्पर खाली आलं. आतला थर्मास, टोपी, नारळाची शकलं असलेलं ताट, सगळं त्याखाली गेलं आणि धुळीचा लोट उठला.

जावईबापू गुडघ्यांवर बसले होते. मनगट आणि कोपर यांच्यामध्ये त्यांना आणखी एक सांधा आला होता. व्यासपीठावरचा खर्जातला आवाज कुठे गेला होता कोण जाणे; कोंबडी धरल्यावर ओरडते तसा आवाज येत होता.

“सुटलं,” माझी बहीण म्हणाली. गालावर चार बोटं उठली होती. तिने हात झटकले आणि खिट्टी परत दात्यात बसवली.

आई त्याच्याकडे धावली नाही. ती लेकीचा गाल बघत होती. मग तिने मनगटावरची बाही वर केली, आणि मग दुसऱ्या हाताची.

इस्पितळात मी आणि बहीण बरोबर गेलो. तिथल्या मल्याळी नर्सने मोडलेला हात पाहिला, मग बहिणीचा गाल पाहिला, पुन्हा हात पाहिला. “कैसे हुआ?” तिने विचारलं.

हा प्रश्न महत्त्वाचा होता. त्याने बायकोचं नाव घेतलं असतं तर पोलीस आले असते, आणि तिचा व्हिसा त्याच्याच मुठीत. माझी बहीण भिंतीला टेकून उभी होती, चेहरा पांढरा. मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्याने दात आवळून सांगितलं, “ट्रेलर. ॲक्सिडेंट.”

दया वगैरे नव्हती ती. पुढच्या आठवड्यात मंडळाच्या अध्यक्षपदाची निवड होती. बायकोने हात मोडलेला माणूस अध्यक्ष कसा होणार?

नर्सने बर्फाची पिशवी आणली आणि आधी बहिणीच्या हातात दिली. “पहले तुम बैठो,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने शिरा केला, डब्यात भरला आणि मला म्हणाली, “चल रिफाला.” बहीण रात्री आमच्याकडेच राहिली होती. तीही आली, पण गाडीतून उतरली नाही.

जावईबापू सोफ्यावर होते, हात गळ्यात बांधलेला. आईने नेहमीसारखी बशी मांडली, शिरा वाढला, चमचा डाव्या बाजूला ठेवला.

“कसं वाटतंय?”

“दुखतंय. तुमच्या मुलीला सांगा, तिचं तिकीट काढतोय मी. खलास.”

“सांगते की.” आई समोर बसली. “मंडळाची सभा कधी म्हणालात? मी येईन म्हणते. चार बायका विचारतील, जावयांचा हात कशानं मोडला. काय सांगू?”

“वाऱ्यानं ट्रेलर उलटला म्हणून सांगा.”

“वारा कुठं होता हो? उदबत्ती सरळ जळत होती.”

त्याने डाव्या हाताने बशी बाजूला सारली. मग म्हणाला, “आई, तुम्ही मला धमकी देताय?”

“छे हो, मी कसली धमकी देणार? मला खोटं बोलता येत नाही, एवढंच. त्यामुळे विचारलं की सगळं सांगून बसते. कानाखाली कुणी मारली, मग काय झालं, तुम्ही कसे ओरडलात. ते ओरडणं तर मला करूनही दाखवता येतं.”

त्याने डावा हात उगारला. सवयीने असेल. उजव्याला हिसका बसला आणि तो वेदनेने वाकला. आई जागची हलली नाही. लग्नात ज्याचे पाय तिने धुतले होते, त्याच्याकडे ती गाळात रुतलेल्या बैलाकडे पाहावं तशी पाहत होती.

“मार,” ती म्हणाली. जावयाशी ती आयुष्यात पहिल्यांदाच एकेरीत बोलली. “पण एकच हात उरलाय. तो जपून वापर. संमती दे पोरीला. आजच.”

त्याने दिली. डाव्या हाताची सही ओळखू येत नाही म्हणून कागद एकदा परत आला, त्याने पुन्हा सही केली. व्हिसा शाळेवर गेला. बहीण काही महिने आमच्याकडे राहिली, मग शाळेजवळ दुसऱ्या एका शिक्षिकेबरोबर तिने फ्लॅट घेतला. घटस्फोटाचं चालू आहे. तो अध्यक्ष झाला, बिनविरोध. आईने मंडळात शब्द काढला नाही. जाताना विमानतळावर मला म्हणाली, “पाय धुतले होते गं त्याचे.” आणि रडली नाही, थुंकली. सुरक्षारक्षकाने बघितलं म्हणून मी रुमालाने पुसून घेतलं.

पुढच्या हिवाळ्यात बहिणीने आम्हाला त्या थीम पार्कला नेलं, मैदानात मुक्कामासकट. गाडी तिने चालवली. दारावर माझ्या नवऱ्याने विचारलं, की मागच्या वर्षी आम्ही इथे घडीचा ट्रेलर आणणार होतो, तो कुठे लावतात. फाटकावरच्या माणसाने मान हलवली आणि नियमांच्या पाटीकडे बोट दाखवलं.

ट्रेलरला तिथे कधीच परवानगी नव्हती. तंबू पार्कवालेच देतात, उभारलेले.